आधी त्याचं म्हणणं सांग

सीबीएसईच्या अकरावी-बारावीत एकेकाळी तत्त्वज्ञान हा विषय होता. त्याला ०४० हा क्रमांकही होता. तो शिकवणाऱ्या शाळा थोड्या, घेणारी मुलं त्याहून थोडी. २०१७ च्या सुमारास मंडळाने फारसं कुणी घेत नसलेले काही विषय बंद केले, त्यात तोही गेला. महाराष्ट्रात कला शाखेच्या मुलांना तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र आजही घेता येतं. बालभारतीने २०१९ आणि २०२० साली दोन्हींची नवी पुस्तकं काढली. ती मी पुण्याहून मागवून घेतली आहेत आणि इथे पूर्व दिल्लीत बसून वापरते.

मी वाईची. प्राज्ञपाठशाळा आणि विश्वकोशाचं कार्यालय गावातच असल्यामुळे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, मे. पुं. रेगे ही नावं लहानपणापासून कानांवरून गेलेली. पुण्यात तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. केलं, लग्नानंतर दिल्लीला आले, आणि इथल्या शाळेत नोकरी हवी तर राज्यशास्त्रात एम. ए. करावं लागेल हे कळल्यावर तेही केलं. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण उरलं नाही, कारण अकरावीचं एनसीईआरटीचं राजकीय सिद्धांताचं पुस्तक उघडलं आणि माझा विषय तिथे भेटला. स्वातंत्र्य, समता, सामाजिक न्याय, हक्क, राष्ट्रवाद, धर्मनिरपेक्षता. नाव राज्यशास्त्राचं असलं तरी प्रश्न सगळे तत्त्वज्ञानाचे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर राज्यशास्त्राची जी पुस्तकं तयार झाली, त्यांचे मुख्य सल्लागार होते पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव. मुलाला उत्तर देण्याऐवजी प्रश्नापाशी नेऊन उभं करायचं, ही त्या पुस्तकांची रीत मला अजूनही मोलाची वाटते.

त्या पुस्तकाच्या आधारानेच शाळेकडून मी आठवड्याचा एक तास मागून घेतला. त्याला गुण नाहीत, वही तपासणं नाही. वेळापत्रकात तो ‘चर्चा’ म्हणून लिहिलेला असतो.

दिल्ली आणि आसपासच्या मुलांबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. ही मुलं बोलतात फार छान. नववीपासूनच त्यांना मॉडेल युनायटेड नेशन्सची, म्हणजे एमयूएनची, चटक लागलेली असते. ब्लेझर घालून, कुठल्या तरी देशाची पाटी पुढे ठेवून, ‘सन्माननीय प्रतिनिधी’ म्हणत तास न् तास बोलायची त्यांना सवय आहे. आंतरशालेय वादविवादाच्या ढाली मुख्याध्यापिकांच्या दालनाबाहेर ओळीने मांडलेल्या असतात. घरी टीव्हीवर रोज रात्री आठ चौकटींतून आठ माणसं एकदम बोलताना ती पाहतात. बाजू कुठलीही द्या, दोन मिनिटांत चार मुद्दे तयार. समोरच्याच्या वाक्यातला एखादा शब्द पकडून त्याला कोंडीत कसं पकडावं, वेळ संपत आली की आवाज कसा चढवावा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. वाईच्या शाळेत वर्गात उभं राहून बोलायला आम्हाला घाम फुटायचा. तेव्हा या मुलांचा हा धीटपणा मी कमी लेखत नाही. पण त्यांच्यापुढे उभी राहिले की एक जाणवतं : यांना जिंकता येतं, ऐकता येत नाही. समोरचा बोलत असतो तेव्हा यांच्या डोक्यात स्वतःचं पुढचं वाक्य जुळत असतं.

न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले आहेत. खरं काय ते शोधायला दोघे बसले तर तो वाद. जिंकायला बसले आणि त्यासाठी शब्दच्छलही चालेल असं धरलं तर जल्प. आणि स्वतःची काही बाजूच नाही, फक्त दुसऱ्याची पाडायची, ती वितंडा. मुलांना हे तीन प्रकार सांगितले की ती लगेच ओळखतात. टीव्ही कशात बसतो, एमयूएन कशात, शाळेच्या ग्रुपवरची भांडणं कशात, हे तीच मला सांगतात. ओळखणं सोपं असतं. पण ओळखलं म्हणून सवय सुटत नाही.

त्याच न्यायसूत्रांच्या शेवटच्या भागात बावीस निग्रहस्थानं दिली आहेत, म्हणजे वादात माणूस हरला असं कधी म्हणायचं त्याच्या जागा. त्यातली एक आहे अननुभाषण. प्रतिपक्षाने आपलं म्हणणं तीनदा सांगितलं आहे, सभेला ते कळलं आहे, तरीही ज्याला ते पुन्हा म्हणून दाखवता येत नाही, तो हरला. एम. ए. ला असताना हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. शाळेत आल्यावर त्याची किंमत कळली. माझ्या तासाचा नियम मी यावरूनच घेतला : कुणाच्या म्हणण्याला विरोध करायचा असेल तर आधी ते म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि ज्याचं आहे त्याने ‘हो, हेच’ असं म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. तीन संधी. तिन्हीत जमलं नाही तर विरोध पुढच्या आठवड्यावर.

ऐकायला हा नियम साधा वाटतो, पण सुरुवातीचे महिने तो मुलांना असह्य होतो. पहिल्या प्रयत्नात जे येतं ती बहुधा समोरच्याची नक्कलच असते. त्याचं म्हणणं मुद्दाम बावळट करून सांगितलेलं असतं. दुसऱ्या प्रयत्नात शब्द बरोबर येतात पण कारण गळतं. ‘ती म्हणते, मोबाइल शाळेत आणू द्यावा.’ ठीक, पण का म्हणते? ते ऐकलेलंच नसतं. तिसऱ्या प्रयत्नाला बहुतेक जण समोरच्याकडे वळतात आणि विचारतात, ‘तू नक्की काय म्हणालीस?’ मी त्या प्रश्नाची वाट पाहत असते. इंग्रजीत बोलणारा मुलगा अडकला की मी त्याला म्हणते, हिंदीत सांग, घरी आईला सांगशील तसं. इंग्रजीतली तयार वाक्यं मग बाजूला पडतात आणि त्याला खरंच काय वाटतं ते बाहेर येतं.

तर्काची ओळख मी गाझीपूरपासून करून देते. दिल्ली-मेरठ एक्स्प्रेसवेने जाणाऱ्याला तो कचऱ्याचा डोंगर टाळता येत नाही. वैशाली, कौशांबी, इंदिरापुरमहून येणारी माझी मुलं स्कूलबसमधून रोज तो पाहतात, वर घिरट्या घालणाऱ्या घारींसकट. १९८४ साली तिथे कचरा टाकायला सुरुवात झाली. २००२ साली जागा भरली, तरी टाकणं थांबलं नाही. २०१७ च्या सप्टेंबरात त्याचा एक भाग कोसळून दोन माणसं गेली. २०१९ साली उंची ६५ मीटर मोजली गेली, म्हणजे कुतुबमिनारापेक्षा थोडीच कमी. उन्हाळ्यात त्याला आग लागते. २०२४ च्या एप्रिलमध्ये लागलेल्या आगीचा धूर आसपासच्या वस्त्यांमधल्या घराघरांत शिरला होता.

भारतीय तर्कशास्त्रात दोन हजार वर्षं चालत आलेलं उदाहरण म्हणजे धूर निघणारा डोंगर. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर या पर्वतावर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. पुस्तकात हे निर्जीव वाटतं. खिडकीपासून चार-पाच किलोमीटरवर खराखुरा धूर सोडणारा डोंगर असताना ते तसं राहत नाही.

एका वर्षी हे पाच भाग, म्हणजे पंचावयव, फळ्यावर लिहून झाल्यावर कौशांबीहून येणारी मुलगी म्हणाली, ‘मॅम, पण तो धूर असतो असं कुठंय? ट्रक कचरा ओततात तेव्हा धूळ उडते. लांबून दोन्ही सारखंच दिसतं.’ धर्मकीर्तीच्या न्यायबिंदूत जवळपास हीच शंका आहे. समोर दिसतं ते धूर आहे की बाष्प, याचीच खात्री नसेल तर त्यावरून अग्नी सिद्ध करता येत नाही. तिने ते पुस्तक पाहिलेलं नाही, आणि सातव्या शतकातल्या त्या बौद्ध आचार्यानेही गाझीपूर पाहिलं नव्हतं. पण शंका तीच. मी तिला तसं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा खुलला तो मला आजही दिसतो. आपल्या डोक्यात आलेली गोष्ट कुणीतरी इतक्या पूर्वी इतक्याच काळजीने मांडली होती, हे सोळाव्या वर्षी कळणं फार मोठं आहे.

मग मी वाक्य उलटं केलं. जिथे अग्नी तिथे धूर, हे चालेल का? बऱ्याच जणांनी मान हलवली. मागच्या बाकावरच्या, घरचा ढाबा असलेल्या मुलाने हरकत घेतली. तंदूर पेटवताना धूर होतो, पण रोट्या लावायच्या वेळी नुसते लाल निखारे असतात, धूर अजिबात नसतो. असला तर तंदूर अजून तयार नाही. जुन्या पंडितांनी इथे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दिला आहे : अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला अग्नीबरोबर ओलं इंधन लागतं. त्या जोडीच्या अटीला त्यांनी उपाधी म्हटलं. हे सांगेपर्यंत तो मुलगाच म्हणाला, ‘कोळसा ओला असला तर धूर जास्त.’

या पद्धतीत मला सगळ्यात प्रिय भाग उदाहरणाचा आहे. नुसता नियम सांगून भागत नाही, सोबत दृष्टांत द्यावा लागतो, आणि न्यायसूत्रांप्रमाणे दृष्टांत म्हणजे ज्याबद्दल सामान्य माणूस आणि जाणकार या दोघांचं एकमत आहे अशी गोष्ट. म्हणजे दोघांना मान्य असलेली जागा आधी शोधायची आणि वाद तिथून सुरू करायचा. एमयूएनमध्ये वाढलेल्या मुलांना हे नवीन असतं. त्यांना समोरच्याशी कुठे जुळत नाही तेवढंच हेरायला शिकवलेलं असतं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, १८ तारखेला, दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९४ वर गेला. मोजपट्टीच ५०० पर्यंत आहे. सर्वोच्च न्यायालयाने बारावीपर्यंतचे सगळे वर्ग प्रत्यक्ष भरवायचे नाहीत असं सांगितलं आणि आमचा चर्चेचा तास पडद्यावर गेला. कॅमेरे बंद, मधूनमधून खोकल्याचे आवाज. मी त्या दिवशी विषयही हवेचाच घेतला. हवा कुणामुळे खराब झाली?

उत्तर सगळ्यांकडे तयार होतं : पराली. पंजाब-हरियाणातले शेतकरी भाताचे खुंट जाळतात म्हणून. मुलांकडे आकडेही होते, आणि ते कुठून येतात हे त्यांना सांगताना मला बरं वाटलं. दिल्लीच्या हवेत त्या दिवशी परालीचा वाटा किती, याचा अंदाज पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेकडून येतो. तो वाटा काही दिवशी अगदी किरकोळ असतो आणि काही दिवशी तिसऱ्या हिश्श्याच्याही वर जातो. तेव्हा ‘पराली आहे’ आणि ‘हवा खराब आहे’ ही दोन्ही वाक्यं रोज खरी असली, तरी पहिलं दुसऱ्याचं कारण किती, हे रोज वेगळं असतं.

वर्गात एक मुलगा सोनीपतकडचा होता. मामांकडे भाताची शेती. दिल्लीत जन्मलेल्या एका मुलीने शेतकऱ्यांना दंड करायला हवा असं ठणकावून सांगितल्यावर त्याने एवढंच म्हटलं, ‘आधी त्यांचं म्हणणं सांग.’ नियम माझा, पण तो पहिल्यांदाच एका मुलाने दुसऱ्याला लावला होता. तिने प्रयत्न केला : त्यांना पर्वा नाही, त्यांना स्वस्त पडतं. तो नाही म्हणाला. त्यांना माहीत नाही की याने प्रदूषण होतं. तो म्हणाला, माहीत आहे, धूर आधी त्यांच्याच घरात जातो. मग त्यानेच सांगितलं आणि तिने शांतपणे ऐकून घेतलं. भूजल वाचावं म्हणून पंजाब आणि हरियाणा दोन्ही राज्यांनी २००९ साली कायदे केले, त्यामुळे भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली गेली. लावणी पुढे गेली तशी कापणीही. कापणी यंत्राने होते, ते बुंधे उभेच ठेवतं. गव्हाच्या पेरणीला हातात राहतात दोन-तीन आठवडे. तेवढ्यात रान मोकळं करायचं. म्हणजे पाणी वाचवायला केलेल्या नियमाचं एक टोक दिल्लीच्या हवेत येऊन पोचतं. तिने हे पुन्हा सांगितलं, त्याने मान्य केलं, आणि त्यानंतर तिने विरोध केला : तरीही जाळायला नको, यंत्रं भाड्याने देण्याची सोय सरकारने करावी आणि ती वेळेवर मिळावी. तिचं मत तेच राहिलं होतं, पण आता ते कुणाच्या तरी खऱ्या अडचणीला उत्तर देत होतं.

सीबीएसईच्या प्रश्नपत्रिकेत हल्ली विधान आणि कारण अशा जोडीचे प्रश्न असतात. दोन्ही बरोबर आणि कारण नेमकं. दोन्ही बरोबर पण हे त्याचं कारण नव्हे. आणि असेच पुढचे पर्याय. यातला दुसरा पर्याय मला शालेय शिक्षणातल्या अत्यंत मौल्यवान ओळींपैकी वाटतो. दोन खऱ्या गोष्टी शेजारी असल्या म्हणून एकीने दुसरी होत नाही, हे पोराला त्या एका पर्यायात शिकवता येतं. शिकवणीवर्गांनी त्याचं तंत्र करून टाकलं आहे : मधे ‘कारण’ घालून वाचा, जुळलं तर पहिला पर्याय. गुण मिळतात. म्हणून मी तो प्रश्न चर्चेच्या तासाला पुन्हा आणते आणि ‘कारण’ कशाच्या जोरावर घातलास ते विचारते.

मराठी वाचकाला आगरकर-टिळकांचा वाद सांगायला नको. माझ्या वर्गात मात्र ती दोन नावं नवी असतात. टिळक एका घोषणेपुरते ठाऊक, आगरकर मुळीच नाहीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद मी दरवर्षी घेते. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढंच त्या कायद्यात होतं. मुलं हे ऐकून हादरतात आणि लगेच सगळी आगरकरांच्या बाजूला जाऊन बसतात. त्यांना तिथून उठवून टिळकांची बाजू मांडायला लावणं हा माझ्या वर्षातला सगळ्यात अवघड तास. टिळक मुलींच्या बाजूचे नव्हते, त्यांना जुनंच हवं होतं, असं सांगून मुलं मोकळी होऊ पाहतात. मग मी सांगते की १८९० साली त्यांनीच असं सुचवलं होतं की सुधारणा हव्या असणाऱ्यांनी सह्या कराव्यात आणि मुलीचं लग्न सोळाच्या आत करायचं नाही, हे आधी स्वतःच्या घरी पाळावं. तेव्हा मुलं गोंधळतात, आणि पुन्हा वाचायला बसतात. परक्या सरकारच्या कायद्याने समाज बदलू नये, समाजाने स्वतः बदलावं, ही बाजू जेव्हा एखादा मुलगा नीट मांडतो, तेव्हाच आगरकरांचं उत्तर किती धारदार आहे तेही त्याला कळतं : समाज बदलेपर्यंत त्या मुलींनी काय करायचं? माझं मत आगरकरांच्या बाजूचं आहे आणि मुलांनी विचारलं तर मी ते लपवत नाही. पण टिळकांना हरवायचं तर पुऱ्या बळानिशी उभ्या असलेल्या टिळकांना हरवायला हवं. मुलांनी एकदा आपणहून याला मुलींच्या लग्नाचं वय एकवीस करायच्या २०२१ च्या विधेयकाशी जोडलं, आणि तो तास घंटा झाल्यावरही चालू राहिला.

आता या नियमाला एक मर्यादा आहे, ती मला मुलांनीच दाखवली.

अकरावीच्या पुस्तकात सामाजिक न्यायाच्या प्रकरणात जॉन रॉल्स येतो. समाजाचे नियम ठरवायचे, पण त्या समाजात आपण कोण म्हणून जन्मणार आहोत हे ठाऊक नाही असं धरून. अज्ञानाचा पडदा. उदाहरण म्हणून मी लिफ्ट घेतली. नोएडा-इंदिरापुरमच्या उंच सोसायट्यांत बऱ्याच ठिकाणी घरकाम करणाऱ्या बायकांना आणि सामान पोचवणाऱ्यांना रहिवाशांची लिफ्ट वापरता येत नाही. त्यांना सर्व्हिस लिफ्ट. माझ्या वर्गात त्या सोसायट्यांमधली मुलं आहेत, आणि त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, खिचडीपूरमधून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या, राखीव जागांवर आलेली मुलंही आहेत. शिक्षणहक्क कायद्यातली २५ टक्क्यांची तरतूद आठवीपर्यंतची. पण सरकारी जमिनीवर उभ्या असलेल्या दिल्लीतल्या शाळांना ही मुलं बारावीपर्यंत ठेवावी लागतात. त्यामुळे अकरावीतही ही मुलं एका बाकावर असतात. देशात इतरत्र हे फारसं घडत नाही, आणि माझ्या मते या शाळांची ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

पडद्याआडून सगळ्यांचं उत्तर झटकन आलं : लिफ्ट एकच, सगळ्यांना. मग वेगळ्या लिफ्टची बाजू कोण मांडेल असं विचारल्यावर इंदिरापुरमच्या एका मुलाने ती प्रामाणिकपणे मांडली. सकाळी गर्दी होते, सामानाची खोकी आणि कचऱ्याच्या पिशव्या येतात, त्याच्या आजीला वॉकर घेऊन उभं राहायला जागा लागते. नियमाप्रमाणे आता कुणीतरी हे पुन्हा सांगायचं होतं. पाळी आली त्रिलोकपुरीच्या मुलीवर. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅम, ये मैं नहीं बोलूँगी. ये तो मैं रोज सुनती हूँ.’ तिची आई मयूर विहारच्या एका सोसायटीत काम करते.

मी नियम तिथेच बदलला. ज्याला दुसऱ्याची बाजू दिवसरात्र ऐकावीच लागते, त्याला ती पाठ असते. त्याच्याकडून ती पुन्हा वदवून घेण्यात शिक्षण नाही. न्यायसूत्रांतली सभा दोन बरोबरीच्या पंडितांची होती. माझा वर्ग तसा नाही. मी मुलाकडे वळले आणि तिच्या आईची बाजू मांडायला सांगितली.

तो म्हणाला, त्यांना अपमान वाटत असेल. ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, समानतेचा हक्क आहे. ती म्हणाली, तोही नाही. मग त्याने विचारलं, ‘मग काय?’ तिने सांगितलं. सकाळी पाच-सहा घरं असतात. सर्व्हिस लिफ्ट एकच, ती सामानासाठी अडवून ठेवलेली असते, कधी बंदच असते. पंधराव्या मजल्यावर पोचायला उशीर झाला की त्या घरात बोलणी, मग पुढच्या घरात उशीर, तिथेही बोलणी, आणि महिन्याच्या शेवटी पैसे कापायची भाषा. रहिवाशांची लिफ्ट शेजारी रिकामी उभी असते. मुलाने हे स्वतःच्या शब्दांत सांगितलं : लिफ्ट बंद ठेवणार सोसायटी, आणि उशिराचा हिशोब द्यायचा त्यांनी. ती म्हणाली, ‘हाँ, यही.’ आणि खाली बसली.

त्याने सहानुभूती दाखवली होती, हक्कही बोलून दाखवला होता. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत. पण तिच्या आईची अडचण वेळेची होती, आणि ती विचारल्याशिवाय कळणारी नव्हती. दुसऱ्याला काय वाटत असेल याची कल्पना करायला आपण मुलांना खूप शिकवतो. ‘मग काय?’ असं विचारायला फार कमी शिकवतो. रॉल्सचा पडदाही मला तेव्हापासून थोडा अपुरा वाटतो. पडद्याआड सगळ्यांनी लिफ्टचा निकाल एका क्षणात लावला, कारण तिथे कुणाला काहीच माहीत नव्हतं.

मुलं अजून लहान आहेत, हे त्यांना झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. २०१२ साली अकरावीच्या राज्यघटनेच्या पुस्तकातल्या, बाबासाहेब आंबेडकर असलेल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला, पळशीकर आणि यादव यांनी सल्लागारपद सोडलं, आणि पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. त्या चित्राने दुखावलेल्या माणसांचं म्हणणं मला कळतं. बाबासाहेबांच्या अपमानाचा इतिहास खरा आहे आणि तो त्यांनी भोगला आहे. मी ते म्हणणं वर्गात मुलांकडून नीट मांडून घेते. पण कोवळ्या मनांवर परिणाम होतो म्हणून पानंच काढून टाका, हा युक्तिवाद मला मान्य नाही. पुढे पुस्तकांतून बरंच काही वगळलं गेलं, आणि २०२३ साली त्या दोघांनी आपली नावंच पुस्तकांवरून काढा असं एनसीईआरटीला कळवलं. माझी मुलं वयाने कोवळी आहेत. त्याच मुलांनी परालीचा आणि लिफ्टचा प्रश्न माझ्या ओळखीच्या बऱ्याच मोठ्या माणसांपेक्षा नीट हाताळलेला मी पाहिला आहे.

पालकसभेत एका वडिलांनी मला विचारलं, ‘मॅम, ही हल्ली घरी काही सांगितलं की म्हणते, थांबा, आधी तुमचं म्हणणं मी सांगते, बरोबर आहे का बघा. हे तुम्ही शिकवलंत?’ मी हो म्हटलं. ते म्हणाले, याने भांडण लांबतं. मग थोडं थांबून म्हणाले, आवाज मात्र चढत नाहीत.

फ्रान्समध्ये बारावीच्या जोडीच्या वर्गात बहुतेक मुलांना तत्त्वज्ञान असतं आणि जूनमध्ये त्याची चार तासांची लेखी परीक्षा होते. तसं आपल्याकडे व्हावं असं मला वाटत नाही. ०४० पुन्हा आला तर त्याचं गाइड येईल, पंचावयवांची व्याख्या तीन गुणांना येईल, आणि मागच्या बाकावरचा तंदूर वर्गाबाहेर राहील. मला बिनगुणांचा तास हवा आहे, आणि तो फक्त कला शाखेला नको. विज्ञानाची मुलं जेईई-नीटच्या वर्गांकडे इतकी ओढली जातात की काही जण शाळेत नावापुरतेच असतात. पण हवेचे, औषधांचे, यंत्रांचे निर्णय उद्या तीच घेणार आहेत, आणि परालीच्या तासाला ती नव्हती.

पुढच्या सत्रापासून अकरावी विज्ञानालाही हा तास द्यावा असा अर्ज मी दिला आहे. मुख्याध्यापिकांनी विचारलं, आधीच प्रॅक्टिकल्सना वेळ पुरत नाही, हा बसवायचा कुठे? मी भौतिकशास्त्राच्या सरांकडे गेले आणि त्यांचं म्हणणं लिहून घेतलं : सलग दोन तास मिळाल्याशिवाय प्रयोग होत नाही, आणि ते मोडले तर मुलांचं नुकसान. ते त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी एक ओळ दुरुस्त केली. शनिवारी पहिला तास कुठल्याच प्रयोगाच्या जोडीत येत नाही. तो त्यांना चालतो आहे. अर्जाला तो कागद जोडून मी पुन्हा दिला आहे.